गुमास्त्यांचा बोलपट आणि त्याचें दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या व त्यानंतरच्या खंडांनीं महाराष्ट्राला एक मोठा धडा शिकविला. राज्याचा इतिहास केवळ तहनाम्यांत आणि लढायांच्या वर्णनांत नसतो. तो माळ्यावर धूळ खात पडलेल्या रुमालांत, खर्चाच्या यादींत, खोडून पुन्हां लिहिलेल्या मसुद्यांतही असतो. बखर मागाहून लिहिली जाते. चिटोरा मात्र त्या त्या दिवशींचाच असतो. राज्याला जो न्याय, तोच कलाकृतीलाही लागू आहे. ग्रंथ छापून निघाला किंवा नाटक रंगभूमीवर आलें, म्हणजे लोकांच्या हातीं पडतें तें पिकलेलें फळ. झाडाला पाणी कोणीं घातलें, कोणती फांदी कां तोडली, हें त्या फळावरून कळत नाहीं. तें कळावयाचें तर दप्तरच पाहिजे.

चित्रपटाच्या धंद्यांत असें दप्तर ठेवण्याची रीत पूर्वीं फारशी नव्हती. चित्रण झालेल्या फिल्मपैकीं कामाची तेवढी जोडावयाची व उरलेली टाकून द्यावयाची, हा सर्वसाधारण परिपाठ होता. फिल्म सांभाळावयास जागा लागे. जुनी नायट्रेट फिल्म तर चटकन् पेट घेई. आणि एकदां खेळ पडद्यावर आला, कीं कात्रणांचें मोल कोणास वाटत नसे. ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या १९४२ सालच्या चित्रपटांतून आर. के. ओ. कंपनीनें चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापून टाकला आणि त्या भागाची मूळ फिल्मही पुढें नष्ट केली. वेल्स यांच्यासारख्या नामांकित दिग्दर्शकाच्या कृतीची ही गत. मग एखाद्या निर्धन होतकरूच्या विनोदी चित्रपटाचीं कात्रणें कोण जपून ठेवणार? तरीही अमेरिकेंतील अशा एका चित्रपटाचीं कात्रणें जपलीं गेलीं, आणि आज त्याच्या घडणीची हकीगत अनेक श्रीमंत चित्रपटांच्या हकीगतीपेक्षां अधिक स्पष्टपणें सांगतां येते. हें कसें घडलें, याचा विचार उद्बोधक आहे.

या कथेचा आरंभ चित्रपटगृहांत नसून घरांत आहे. जपानच्या जे. व्ही. सी. कंपनीनें १९७६ सालीं व्ही. एच. एस. जातीची व्हिडिओ कॅसेट बाजारांत आणली. पुढल्याच वर्षीं ती अमेरिकेंत पोहोंचली. चित्रपटांच्या कॅसेटींची किंमत प्रारंभीं फार असे. त्यामुळें सामान्य कुटुंब ती विकत न घेतां एका रात्रीपुरती भाड्यानें आणी, आणि अशा कॅसेटी भाड्यानें देणारीं दुकानें गांवोगांवीं निघालीं. भाड्यानें आणलेल्या कॅसेटींत मनुष्याला चित्रपटापलीकडे कशाची अपेक्षा नसे. सकाळीं ती परत करावयाची, एवढेंच काय तें.

१९७८ च्या अखेरीस अमेरिकेंत लेसर तबकडी विक्रीस आली. ही बारा इंच व्यासाची, ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी असे; परंतु तिच्यावर सुई न फिरतां प्रकाशाचा किरण फिरे. ती महाग होती व हौशी लोकच ती घेत. तिच्या अंगीं एक गुण असा होता, कीं चित्राबरोबर ध्वनीचे दोन स्वतंत्र मार्ग तीवर ठेवतां येत. एका मार्गावर चित्रपटाचा मूळ ध्वनि ठेवला, कीं दुसरा मार्ग मोकळा राही. १९८४ सालीं क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेनें ‘किंग काँग’ या १९३३ सालच्या चित्रपटाची तबकडी काढली, तेव्हां या मोकळ्या मार्गावर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-अभ्यासकानें चित्र चालू असतांनाच त्यावर भाष्य केलें. पुराणिकबुवांनीं पोथी वाचतां वाचतां अर्थ सांगावा, तसाच हा प्रकार. प्रेक्षकाला वाटलें तर मूळ ध्वनि ऐकावा, वाटलें तर भाष्य ऐकावें. चित्रपटाला जोडलेल्या परिशिष्टांची परंपरा येथून दृढ झाली. पुढें गाळलेले प्रवेश, छायाचित्रें, पटकथेचीं पानें हींही तबकडीवर येऊं लागलीं.

या परिशिष्टांचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. भाष्य करावयास लागतें काय? एक शांत खोली, एक ध्वनिग्राहक यंत्र आणि ज्यांनीं काम केलें तीं माणसें. गाळलेला प्रवेश तर आधींच चित्रित झालेला असतो. तो फक्त जपलेला असला पाहिजे. म्हणजे मोठ्या भांडवलाच्या चित्रपटास जें देतां येतें, तें अल्प भांडवलाच्या चित्रपटासही देतां येतें. किंबहुना सांगण्यासारखें अधिक गरिबाजवळच असतें. कारण प्रत्येक अडचणीला त्याला पैशानें नव्हे, तर युक्तीनें उत्तर द्यावें लागलेलें असतें. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनीं ‘एल मारियाची’ हा १९९२ सालचा चित्रपट सुमारें सात हजार डॉलरांत चित्रित केला. त्याच्या परिशिष्टांत त्यांनीं आपल्या काटकसरीच्या युक्त्या दहा मिनिटांच्या पाठांत सांगितल्या आहेत. ज्यांना चित्रपटविद्यालयाची फी परवडत नव्हती, त्यांच्यासाठीं हें एक विद्यालयच झालें.

आतां मुख्य उदाहरणाकडे वळणें योग्य होईल. त्या चित्रपटाचें नांव ‘क्लार्क्स’, म्हणजे दुकानांतले गुमास्ते. त्याचे कर्ते केव्हिन स्मिथ हे अमेरिकेच्या न्यू जर्सी प्रांतांतले. त्यांचा जन्म १९७० सालचा. न्यू जर्सींतील लिओनार्डो या लहानशा गांवीं ‘क्विक स्टॉप’ नांवाचें किरकोळ वाणसामानाचें एक दुकान आहे. तेथें ते गुमास्त्याचें काम करीत. शेजारींच कॅसेटी भाड्यानें देण्याचें दुकान होतें. तेथेंही ते काम पाहत. १९९१ सालीं आपल्या एकविसाव्या वाढदिवशीं त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें रिचर्ड लिंकलेटर यांचा ‘स्लॅकर’ हा अल्पखर्ची चित्रपट पाहिला आणि आपणही असें कांहीं करूं शकूं, असें त्यांच्या मनानें घेतलें. कॅनडांतील व्हँकुव्हर येथील चित्रपटविद्यालयांत त्यांनीं नांव घातलें. परंतु सुमारें चार महिन्यांत तें सोडून ते परतले. ती फी वांचवून चित्रपटांत घालावी, हा त्यांचा हिशेब. तेथें जोडलेले मित्र स्कॉट मोझियर हे मात्र पुढें त्यांचे सहनिर्माते झाले.

चित्रपटास खर्च आला २७,५७५ डॉलर. अमेरिकेच्या मानानें ही रक्कम इतकी अल्प, कीं मोठ्या कंपनीच्या एका दिवसाच्या चित्रणासही ती पुरली नसती. हे पैसे उभे करण्यासाठीं स्मिथ यांनीं अनेक क्रेडिट कार्डांवर कर्ज काढलें, लहानपणापासून जमविलेला सचित्र कथापुस्तकांचा मोठा संग्रह विकला, आणि पुरांत गेलेल्या मोटारीच्या विम्याचे पैसेही त्यांतच घातले. १९९३ च्या वसंतऋतूंत सलग एकवीस रात्रीं चित्रण झालें. चित्रणाची जागा तेंच दुकान. दिवसां स्मिथ गल्ल्यावर उभे राहत. रात्रीं साडेदहाच्या सुमारास दुकान बंद झालें, कीं पहांटेपर्यंत चित्रण चाले. झोप मिळे ती नांवापुरती.

दारिद्र्यानें कलेला कसें वळण लावलें, याचे मासले या चित्रपटांत पदोपदीं दिसतात. कथा घडते दिवसां, चित्रण होतें रात्रीं. मग खिडकीबाहेरचा अंधार लपवावयाचा कसा? स्मिथ यांनीं कथेंतच युक्ति योजली. कोणा वात्रटानें कुलपांत च्युइंगगम कोंबल्यामुळें दुकानाच्या पोलादी फळ्या त्या दिवशीं उघडतच नाहींत, असें दाखविलें, आणि दुकान उघडें असल्याची खात्री देणारी एक चादर बाहेर टांगली. ती चादरच पुढें चित्रपटाची ओळख होऊन बसली. चित्रपट कृष्णधवल आहे, तोही सौंदर्यदृष्टि म्हणून नव्हे. सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म स्वस्त, आणि दुकानांतील नळीच्या दिव्यांखालीं रंग बिघडण्याची भीति नाहीं. नट कमी पडले, तेव्हां एकाच मनुष्यानें कित्येक गिऱ्हाइकांचीं सोंगें घेतलीं. रँडल या खट्याळ गुमास्त्याचें काम करणारे जेफ अँडरसन हे स्मिथ यांचे शाळेपासूनचे परिचित. त्यांचा अभिनयाचा धंदा नव्हता. दांते या गांजलेल्या गुमास्त्याचें काम करणारे ब्रायन ओहॅलोरन हे स्थानिक नाटकमंडळींतून आलेले.

कथानक म्हणावें तर एवढेंच, कीं सुटीच्या दिवशीं दांतेला कामावर बोलावलें जातें आणि तो दिवस एकामागून एक विघ्नांत जातो. संवाद मोकळे, पुष्कळ ठिकाणीं ग्राम्य. इतके, कीं हिंसा वा नग्नता नसतांही केवळ भाषेसाठीं परीक्षण मंडळानें प्रथम त्यास अत्यंत कडक अशा प्रौढ वर्गांत घातलें. अपील झालें, आणि एकही शब्द न कापतां चित्रपट खालच्या वर्गांत आला. ज्याला शिष्ट विनोदाची आवड असेल त्याला हा बोलपट मानवणार नाहीं, हें उघड आहे. परंतु गल्ल्यामागें उभें राहून दुसऱ्याच्या लहरी सोसणाऱ्या पगारी माणसाचें मन त्यांत खरेपणानें उतरलें आहे, हेंही तितकेंच उघड आहे.

या चित्रपटाचा मूळ शेवट निराळा होता. १९९३ च्या शरदऋतूंत न्यूयॉर्कमधील स्वतंत्र चित्रपटांच्या बाजारांत तो मोजक्या प्रेक्षकांपुढें प्रथम दाखविला गेला, तेव्हां त्याच्या अखेरीस एक चोर दुकानांत शिरतो आणि दांतेला गोळी घालून पैसे घेऊन जातो, असें दृश्य होतें. दिवसभर हंसविलेल्या प्रेक्षकापुढें एकाएकीं प्रेत पडलेलें, आणि खेळ समाप्त! चित्रपट कसा संपवावा हें त्या वेळीं आपणांस कळत नव्हतें, असें स्मिथ यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. बॉब हॉक आणि जॉन पिअर्सन या जाणत्यांनीं चित्रपटाचें मर्म ओळखलें व शेवट काढून टाकण्याचा सल्ला दिला. स्मिथ यांनीं तो मानला. सुमारें १०४ मिनिटांचा चित्रपट ९२ मिनिटांवर आला, आणि दांते जिवंत राहिला. जानेवारी १९९४ मध्यें सनडान्स येथील महोत्सवांत त्याला पारितोषिक मिळालें, मिरामॅक्स कंपनीनें तो विकत घेतला, आणि ऑक्टोबर १९९४ मध्यें तो चित्रगृहांत लागला. अमेरिकेंत त्याचें उत्पन्न ३१ लाख डॉलरांवर गेलें.

जुन्या रीतीप्रमाणें तो मूळ शेवट येथेंच नाहींसा व्हावयाचा. परंतु १९९५ सालीं चित्रपटाची लेसर तबकडी निघाली, तेव्हां गाळलेले प्रवेश व तो रद्द केलेला शेवट तीवर घालण्यांत आला, आणि दुसऱ्या ध्वनिमार्गावर स्मिथ व त्यांच्या सोबत्यांनीं थट्टामस्करी करीत भाष्य केलें. याच सुमारास तंत्रांत पालट होत होता. नोव्हेंबर १९९६ मध्यें जपानांत व मार्च १९९७ मध्यें अमेरिकेंत डी. व्ही. डी. ही पांच इंचांहूनही लहान तबकडी आली. ती स्वस्त असल्यामुळें लोक भाड्याऐवजीं ती विकत घेऊं लागले. एकदां पाहिलेला चित्रपट मनुष्य पुन्हां विकत कां घेईल? त्यांत कांहीं अधिक असेल तर. या व्यापारी कारणानें परिशिष्टांना बरकत आली. १९९९ सालीं ‘क्लार्क्स’ची डी. व्ही. डी. निघाली, तींत १९९५ चें भाष्य जसेंच्या तसें ठेवलें होतें.

सप्टेंबर २००४ मध्यें दशवार्षिक आवृत्ति म्हणून तीन तबकड्यांचा संच निघाला, आणि त्यांत या चित्रपटाचें सारें दप्तरच उघडें झालें. न्यूयॉर्कला दाखविलेली पहिली लांब प्रत तींत समग्र आहे. ती व्हिडिओ फितीवरून घेतलेली असल्यामुळें चित्र अंधुक आहे. परंतु अंधुक म्हणून ती त्याज्य नव्हे, जसा वाळवी लागलेला कागद त्याज्य नव्हे. नटांच्या निवडीच्या वेळचीं चित्रणें आहेत. व्हँकुव्हरला शिकतांना स्मिथ व मोझियर यांनीं केलेला आणि फसलेला एक लहान अनुबोधपट आहे. चित्रपटाच्या जन्मकथेवर एक दीर्घ अनुबोधपट आहे. आणखी एक मौजेची गोष्ट आहे. दांते व रँडल एका परिचित मुलीच्या अंत्यदर्शनास जातात व तेथें अनर्थ करून येतात, हें मूळ चित्रपटांत नुसत्या संवादावरून समजतें. आंतला प्रवेश खर्चामुळें चित्रित झालाच नव्हता. तो २००४ सालीं व्यंगचित्रांच्या रूपानें तयार करून या संचांत घातला आहे. गरिबीनें ठेवलेली रिकामी जागा दहा वर्षांनीं भरून निघाली.

या साहित्याकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें, तर त्यांत दोन जाती दिसतात. पहिली प्रत, गाळलेले प्रवेश, निवडीचीं चित्रणें हे अस्सल कागद होत. भाष्य आणि मागाहून केलेला अनुबोधपट ही बखर होय. बखरींत रंग असतो, माणसाचा आवाज असतो. पण तिच्यांत आठवणीची सोईस्कर मांडामांडही असते. यशस्वी मनुष्य आपल्या दारिद्र्याची गोष्ट दरवेळीं थोडी अधिक रंगवून सांगतो. तेव्हां बखर कागदावर घासून पाहावी, हा राजवाड्यांच्या वेळचा नियम येथेंही सोडतां येत नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवरील परिशिष्टांत पुष्कळदां केवळ परस्पर स्तुति असते, आणि तोच माल नव्या वेष्टणांत दुसऱ्यांदा विकण्याचा हेतुही लपत नाहीं. ‘क्लार्क्स’च्या संचामागेंही व्यापार होताच. परंतु येथें अस्सल कागद बखरीच्या शेजारींच ठेवलेला आहे, म्हणून वाचकाची, म्हणजे प्रेक्षकाची, फसगत होण्याचें भय कमी.

आणि तो कागद शिकवितोही पुष्कळ. बारा मिनिटें गेल्यानें विनोद कसा हलका व चपळ झाला, हें दोन्ही प्रती लागोपाठ पाहिल्यानें जसें समजतें, तसें कोणत्याही व्याख्यानानें समजणार नाहीं. विनोदाचा जीव वेळेंत असतो. एक श्वास अधिक झाला, कीं हंशा निसटतो. शेवट बदलल्यानें तर साऱ्या चित्रपटाचा अर्थच पालटला. मूळ प्रतींत गुमास्त्याचें आयुष्य व्यर्थ जातें. नव्या प्रतींत तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामावर येईल, एवढी आशा राहते. कलावंत हा पहिल्याच झटक्यांत पूर्ण कृति निर्माण करणारा देव नसून चुकणारा, ऐकणारा व दुरुस्ती करणारा कारागीर आहे, हें विद्यार्थ्याला येथें डोळ्यांनीं दिसतें.

ही कल्पना महाराष्ट्राला मुळींच परकी नाहीं. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यासाठीं दादासाहेब फाळके यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले होते, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून त्या माउलीनें फिल्मच्या कामालाही हात लावला होता. त्याच दादासाहेबांनीं १९१७ च्या सुमारास चित्रपट कसा तयार करतात हें दाखविणारा एक लघुपट काढला. त्याचा कांहीं अंश आजही उपलब्ध आहे, आणि कामांत गढलेले फाळके त्यांत प्रत्यक्ष दिसतात. तबकडी निघण्याच्या साठ वर्षें आधीं नाशिककर फाळक्यांना आपल्या कलेचें दप्तर मागें ठेवावेंसें वाटलें, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु फाळक्यांची ही दृष्टि पुढें आपल्याकडे रुजली नाहीं. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले होते. पुढें घरोघर व्ही. सी. डी. आली, तेव्हां एका तबकडींत सुमारें ७४ मिनिटांचेंच चित्र मावे. एक मराठी चित्रपट दोन तबकड्यांत कसाबसा बसे, मग परिशिष्टाला जागा कोठली? ज्या चित्रपटांसाठीं घरें गहाण पडलीं, त्यांचे गाळलेले प्रवेश व पहिले मसुदे जपले न जातां तसेच गेले.

पाश्चात्त्य देशांतही हें सुदिन ओसरत चाललें आहे. आतां चित्रपट तारेवाटे घरीं येतो. हातांत कांहीं पडत नाहीं. १९९८ पासून टपालानें डी. व्ही. डी. पाठविणाऱ्या नेटफ्लिक्स कंपनीनें तें काम २९ सप्टेंबर २०२३ रोजीं बंद केलें. तारेवाटे येणाऱ्या चित्रपटाबरोबर भाष्य, गाळलेले प्रवेश, पहिली प्रत हीं क्वचितच येतात. २०१९ सालीं ‘क्लार्क्स’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत झाली, म्हणजे एका गुमास्त्यानें रात्रीं जागून केलेल्या कामाला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. मान मिळाला तो सिद्ध चित्रपटाला. त्याची अंधुक पहिली प्रत मात्र ज्यांनीं २००४ चा संच जपला असेल, त्यांच्या कपाटांतच प्रामुख्यानें राहणार.

ज्या चित्रपटांत कॅसेटी भाड्यानें देणारा गुमास्ता नायकाचा सोबती आहे, त्या चित्रपटाचें दप्तर घरगुती व्हिडिओनेंच वांचवावें, हा योग मोठा समर्पक होय. तें दप्तर कोणा सरकारनें वांचविलें नाहीं, कोणा विद्यापीठानेंही नाहीं. एकानें जुनी फीत फेंकून दिली नाहीं, म्हणून तें उरलें. आज मराठींत तरुण मंडळी उसनवारी करून चित्रपट काढीत आहेत. त्यांच्यापाशींही पहिली जुळणी असेल, गाळलेला शेवट असेल, खर्चाची वही असेल. चित्रपट चालो वा न चालो, तें सारें एका पेटींत घालून, वर तारीख व नांवें लिहून ठेवणें त्यांच्या हातांत आहे. त्याला खर्च फार येत नाहीं. आणि पुढल्या पिढीला आजच्या मराठी चित्रपटाचा खरा इतिहास लिहावयाचा झाल्यास, त्या पेटीवांचून तो लिहितां येणार नाहीं.